चारा कोणत्या वयाला कापावा : दापोली तालुक्यातील प्लॉटच्या नोंदी

२५ मे

जमीन वरकस (हलकी), जांभ्याची, उताराची. सामू (पीएच) ५.५ च्या आसपास. म्हणून लसूणघास आणि बरसीम ही द्विदल चारापिके आधीच बाजूला ठेवली. लसूणघासाला आंबट जमीन आणि साचलेले पाणी दोन्ही चालत नाहीत, आणि बरसीमला लागते तशी थंडी किनारपट्टीवर पडतच नाही. मुख्य पीक संकरित नेपियर (उंच वाढणारे बहुवर्षीय चारा गवत), वाण फुले जयवंत (राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा). लावण गेल्या वर्षीची, दोन ओळींत ३ फूट, दोन ठोंबांत २ फूट. हिवाळ्यात पाण्यावर मका आणि चवळी. बांधावरचे आणि सड्यावरचे (जांभ्याच्या उघड्या पठारावरचे) रानगवतही नोंदीत धरले आहे, कारण इथल्या बहुतेक गोठ्यांची खरी वैरण भाताचा पेंढा आणि तेच गवत.

तपासायचे ते असे : नेपियर ३५, ४५ आणि ६० दिवसांनी कापले तर वजन किती वाढते, त्यातला पाला किती घटतो आणि जनावराच्या पोटात शेवटी काय पडते.

प्लॉट १२ × १२ फुटांचा, त्यात ४ ओळी, ओळीत ६ ठोंब. कडेचे ठोंब वजनात धरायचे नाहीत. त्यांना ऊन आणि मोकळी जागा जास्त मिळते, आकडा फुगतो. मधल्या दोन ओळींतले ४-४ असे ८ ठोंब मोजायचे. उतारावर वरचा, मधला, खालचा असे तीन पट्टे केले आणि प्रत्येक पट्ट्यात तिन्ही वये चिठ्ठ्या टाकून बसवली. खालच्या पट्ट्यात वरून धुपून आलेली माती आणि खत साठते. एकच वय तिथे गेले असते तर सगळे श्रेय त्या वयाला मिळाले असते.

हिशेबाला सोपे जावे म्हणून : ठोंबाला ६ चौरस फूट, गुंठ्याला १०८९ चौरस फूट, म्हणजे गुंठ्यात सुमारे १८१ ठोंब.

१५ जून

मृगाचा पाऊस धरला. सगळे प्लॉट एकाच दिवशी समान उंचीवर कापले. दिवस इथून मोजायचे.

उंची जमिनीपासून १० ते १२ सेंटीमीटर. जमिनीलगत खरडून कापले तर बुडखाचे डोळे जातात आणि पावसाचे पाणी कापलेल्या तोंडातून उतरून ठोंब कुजतो. एक वीत वर ठेवले तर नवे फुटवे जमिनीतून न येता वरच्या कांड्यांवरून येतात, बारीक आणि वाऱ्याने मोडणारे. कोयती धारदार हवी. बोथट पात्याने खुंट चिरतो आणि तिथूनच काळा पडू लागतो.

युरियाचे प्रमाण कापणीमागे हेक्टरी २५ किलो नत्र. युरियात नत्र ४६ टक्के, म्हणजे गुंठ्याला साधारण ५५० ग्रॅम, आपल्या प्लॉटला ७० ग्रॅम. हा एका दमात टाकायचा नाही. जांभ्यात पाणी सरळ खाली जाते आणि आर्द्रात टाकलेला युरिया व्हाळाला (ओढ्याला) लागतो. अर्धा आठवड्याने, फुटवे चार बोटे झाल्यावर. उरलेला त्यानंतर दहा दिवसांनी, उघडीप बघून.

४ जुलै

पाऊस सलग. मळभामुळे वाढ उंच पण नाजूक. दुसरा हप्ता देऊन झाला. यानंतर युरिया नाही. ढगाळ हवेत झाड नत्र उचलते, पण त्याचे प्रथिन करायला ऊन पुरत नाही, आणि मग नायट्रेट बुडख्याच्या दांड्यात साठून राहते. पोटात त्याचे नायट्राइट होते आणि रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद जाते. जनावर धापा टाकते, रक्त चॉकलेटी दिसते. युरिया दिल्यावर दोन-तीन आठवडे तरी तो चारा कापू नये, हा नियम पावसाळ्यात कडक पाळायचा.

२० जुलै : ३५ दिवस

कापणी सकाळी ठरली होती, पण पानांवर पाणी होते म्हणून दुपारवर ढकलली. तरीही पाला ओलाच. याने कोरड्या अंशाचा आकडा किती बिघडतो ते बघण्यासाठी दोन नमुने घेतले : एक तसाच, दुसरा पडवीत पातळ पसरून पानांवरचे पाणी गेल्यावर. १०० ग्रॅममधून पहिल्याचे शेवटी ९ ग्रॅम उरले, दुसऱ्याचे १३. म्हणजे तसाच तोलला असता तर चारा आहे त्यापेक्षा तिसऱ्या हिश्श्याने निकृष्ट ठरला असता. यापुढे पावसाळ्यातला प्रत्येक नमुना पडवीत पसरूनच तोलायचा.

मोजण्याची पद्धत : आठही ठोंबांचा चारा कडबाकुट्टीतून काढायचा, ढीग करून चार भाग पाडायचे, समोरासमोरचे दोन ठेवून बाकी टाकायचे, पुन्हा तसेच, अर्धा किलो उरेपर्यंत. वरून मूठभर उचलला तर सगळा पालाच येतो. दांड्याचे तुकडे जड असल्याने तळाशी बसतात. त्यातले १०० ग्रॅम मायक्रोवेव्हमध्ये, कोपऱ्यात पाण्याचा पेला ठेवून, आधी तीन-चार मिनिटे, मग एकेक मिनिट, शेवटी अर्धा-अर्धा मिनिट, लागोपाठच्या दोन वजनांत फरक पडेनासा होईपर्यंत. पेला नसेल तर शेवटी नमुना करपतो आणि धूर निघतो. हा नमुना प्रयोगशाळेला पाठवायचा नाही, उष्णतेने प्रथिन आणि तंतूचे आकडे हलतात. प्रयोगशाळेचा वेगळा, ६०-६५ अंशांवर सावकाश वाळवून, कागदी पिशवीत.

ठोंबाचे सरासरी वजन १.२ किलो. दांडा अजून बोटाने चिरडला जातो, आत पाणीदार मऊ गर. पाला दांड्यापेक्षा स्पष्टच जास्त.

दिसायला हा चारा सर्वांत देखणा, आणि नेमका हाच एकटा घालू नये. कोवळ्या नेपियरात, त्यातही पावसाळी फुटव्यात, विरघळणारे ऑक्झॅलेट जास्त असते. ते पोटात कॅल्शियमला बांधून टाकते. दुभत्या गाईला हा चारा महिनोन्महिने एकटा गेला तर दूध आणि हाडे दोन्हीकडून कॅल्शियम ओढले जाते. सोबत पेंढा, आणि दिवसाला ५० ग्रॅम खनिज मिश्रण. पेंढ्यामुळे शेणही बांधून येते. नुसत्या कोवळ्या चाऱ्यावर ते पातळ होते आणि तंतू कमी पडल्याने दुधाची फॅट उतरते. मग डेअरीच्या काट्यावर दोष चाऱ्याच्या वाणाला जातो.

३० जुलै : ४५ दिवस

ठोंब १.९ किलो, कोरडा अंश १५ टक्के. बुडख्याची पाने पिवळी पडू लागली आहेत पण गळलेली नाहीत. दांडा नखाने दाबला तर वळ उठतो, पण चिरडत नाही. खालून दुसरे कांडे चिरून पाहिले : साल हिरवी, तिच्या आत पांढरा कडक थर नुकता धरतो आहे.

गव्हाणीत उष्टे जवळजवळ राहत नाही. कुटी एक इंचाची ठेवली तर.

१४ ऑगस्ट : ६० दिवस

वाऱ्याने खालच्या पट्ट्यातला एक प्लॉट आडवा झाला. लोळलेल्या चाऱ्याच्या बुडाशी चिखल आणि कुजकी पाने. ती वेगळी करूनच वजन घेतले. ठोंब २.६ किलो, कोरडा अंश १८.५ टक्के. दांडा आता पात्यावर खणखणतो, कुट्टीची मोटर ओढते. गव्हाणीत सकाळी उरते ते सगळे दांडेच : पाव वीत लांबीचे, चाटून स्वच्छ केलेले, दोन्ही टोकांना पांढरे आणि मधे पोकळ.

प्रथिनाचा अहवाल यायचा आहे. तोपर्यंत हिशेबासाठी नेपियरच्या नेहमीच्या मर्यादेतले आकडे धरले : कोरड्या वजनावर ३५ दिवसांना ११.५, ४५ ला ९.५, ६० ला ६.५ टक्के.

३५ दिवस : गुंठ्याला हिरवा चारा २१७ किलो, कोरडा २८, प्रथिन ३.२५ किलो, दिवसाला ९३ ग्रॅम.
४५ दिवस : हिरवा ३४४, कोरडा ५१.६, प्रथिन ४.९, दिवसाला १०९ ग्रॅम.
६० दिवस : हिरवा ४७१, कोरडा ८७, प्रथिन ५.६६, दिवसाला ९४ ग्रॅम.

एका कापणीचे वजन बघितले तर ६० दिवस जिंकतात आणि बहुतेक जण तेवढेच बघतात. पण ६० दिवसांत जमीन अडकून पडलेली असते, म्हणून दिवसामागचा आकडाच खरा. ३५ आणि ६० दिवसांचे दिवसामागचे प्रथिन जवळपास सारखे निघाले, आणि ४५ दोघांच्या वर. ६० दिवसांना भर पडते ती बहुतेक लाकडाची. दांड्याच्या पेशींच्या भिंतीत लिग्निन बसते, ते रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटातल्या जंतूंनाही फुटत नाही, आणि जाताना आजूबाजूचा पचण्याजोगा तंतूही धरून नेते. कोकणातल्या उष्ण रात्रींत हे लिग्निन आणखी लवकर भरते.

पोटातला हिशेब त्याहून बोलका. जनावर वजनाच्या साधारण १.२ टक्के एवढाच एनडीएफ, म्हणजे पेशीभिंतींचा एकूण तंतू, दिवसाला खाऊ शकते. नंतर पोट भरलेले असते. ३५० किलोची संकरित गाय धरा : ४.२ किलो एनडीएफ. ४५ दिवसांच्या चाऱ्यात तो ६५ टक्के धरला तर ती ६.५ किलो कोरडा चारा खाईल, त्यातून ६१५ ग्रॅमच्या आसपास प्रथिन. ६० दिवसांच्यात ७२ टक्के धरला तर खाणे ५.८ किलोवर येते आणि प्रथिन ३८० ग्रॅमवर. टक्केवारी पण घटली आणि खाणे पण, दोन्हीकडून मार. मधले २३५ ग्रॅम पेंडेतून भरायचे तर सुमारे ४० टक्के प्रथिनाची शेंगदाणा पेंड ६०० ग्रॅम, किंवा २०-२२ टक्क्यांची खोबऱ्याची पेंड किलोभराच्या वर. रोज. पंधरा दिवस उशिराची किंमत आंबोणाच्या बिलात निघते.

२४ ऑगस्ट

३५ दिवसांच्या प्लॉटची दुसरी कापणी. फुटव्यांची संख्या जास्त पण काडी सुतळीसारखी. ठोंबांच्या मधे मोकळी जागा पडली आणि तिथे लव्हाळा आला. कापल्यावर पहिली पाने फुटतात ती बुडख्यात साठवलेल्या साखरेवर. पाला मोठा होऊन साठा परत भरायच्या आत पुन्हा कोयती लागली तर ठोंब दरवेळी कर्ज काढून फुटतो. एक पावसाळा निभेल. दोन-तीन वर्षे असेच चालवले तर ठोंब विरळ होऊन लावण मोडायला येते. ३५ दिवसांचे चक्र यादीतून काढायला एवढे पुरे.

२२ सप्टेंबर : रानगवत, फुलोरा

सड्याच्या कडेचे गवत तुऱ्यावर आले. बहुतेक कुसळी, मधे इतर जाती. चाऱ्याच्या दृष्टीने कापायचा दिवस हाच. प्रथिन या टप्प्यावर ६-७ टक्क्यांच्या घरात असते आणि कुसळे अजून मऊ.

आणि कापले तर ठेवायचे कुठे, हा कोकणातला सगळा तिढा. उत्तरा नक्षत्राचा पाऊस चालू, हवेत दमट, खारा वारा. गवत साठवायला ओलावा १५ टक्क्यांच्या आसपास यावा लागतो. बांबूच्या तिकाटण्यावर (तिवईवर) भारे टाकून पाहिले : बाहेरची काडी कुरकुरली, आत हात घातला तर ऊब आणि बुरशीचा वास. पावसात भिजलेल्या कापलेल्या गवतातून विरघळणारी साखर वाहून जाते आणि ते ओले असेतो श्वसनही चालूच राहते. दोन्हींत जातो तो पचणारा भाग, तंतू तसाच उरतो.

८ ऑक्टोबर

हस्ताच्या सरी दुपारनंतर. सकाळचे ऊन चांगले. बी भरते आहे पण झडलेले नाही. थोडे कापून, दिवसातून तीनदा उलटून, संध्याकाळी ताडपत्रीखाली, असे करत वाळवले. जमते, पण मनुष्यबळ लागते आणि नेमके त्याच दिवसांत माणसे भातकापणीला. वाळले का ते बघायला मूठभर काड्या पिळायच्या : मोडताना कडकड आवाज आला तर ठीक, नुसत्या पिळवटल्या तर नाही. शिवाय जाड काडीची साल नखाने खरवडायची. साल सुटून आली तर आत ओल आहे, उडवीत (गवताच्या गंजीत) घालू नये. घातलेच तर उडवीच्या पोटात लोखंडी सळई खुपसून ठेवायची, रोज काढून हात लावायचा. सळई धरवत नसेल तर उडवी त्याच दिवशी मोडायची.

२ नोव्हेंबर

सगळीकडे गवतकापणी सुरू. कडक ऊन, एका दिवसात वाळते. बी झडून गेलेले, काडी तांबूस. या अवस्थेत प्रथिन ३ ते ४ टक्के, म्हणजे भाताच्या पेंढ्याच्याच रांगेत. कुसळे कडक झालेली. जनावरांच्या हिरड्यांत आणि जिभेखाली रुततात, जखमा होतात. किनारपट्टीवर गवत कधी कापायचे ते ऊन ठरवते, गवत ठरवत नाही. म्हणून सुकवण्याचा नाद सोडून फुलोऱ्यातला हिरवा चारा कापून लगेच घालणे किंवा मुरवणे (हवाबंद दाबून आंबवून ठेवणे, म्हणजे मुरघास), हेच दोन मार्ग उरतात. नोव्हेंबरचे गवत पोट भरायला आहे, एवढे समजून घ्यावे आणि त्याबरोबर पेंड किंवा द्विदल चारा जरूर जोडावा.

५ नोव्हेंबर

भात निघालेल्या मळ्यात मका (वाण आफ्रिकन टॉल) आणि शेजारी चाऱ्याची चवळी पेरली. ज्वारी मुद्दाम घेतली नाही. कोवळ्या ज्वारीत, विशेषतः पाण्याचा ताण पडलेल्या किंवा कापल्यावर नुकत्या फुटलेल्या, हायड्रोसायनिक आम्ल तयार होते आणि जनावर बघता बघता दगावते. फुलोऱ्यापर्यंत ती थांबवायला हवी, आणि मोकाट गुरांचा बंदोबस्त नसलेल्या मळ्यात ती शाश्वती कोण देणार?

३० डिसेंबर : चवळी

निम्म्या झाडांना फुले, खालच्या झाडांवर शेंगा धरू लागल्या. कापली. चवळीत या टप्प्यावर १६ ते २० टक्के प्रथिन मिळते आणि ते बहुतेक पानांत असते. आणखी दोन आठवडे थांबलो तर शेंगा भरतील, पण खालची पाने गळतील आणि वेल दोरखंड होईल. सुकवताना पान चुरून जाते, म्हणून हिरवीच, पेंढ्यात मिसळून. रिकाम्या पोटी एकटी भरपूर घातली तर पोटफुगी होऊ शकते. आधी थोडा पेंढा, मग चवळी.

३ फेब्रुवारी : मका, मुरघास

मक्याला गवताचा नियम लावता येत नाही. पाला-दांडा जुना होतो, प्रथिन उतरते, पण त्याच वेळी कणसात पिष्ट भरत असते, आणि उर्जेचा तोटा त्याने भरून निघतो. म्हणून मका तुऱ्यावर कापणे म्हणजे पाणी वाहून नेणे.

कणीस मधोमध मोडायचे आणि टोकाकडच्या तुकड्यातल्या दाण्यांचे तोंड बघायचे. दाण्याच्या माथ्याकडून पिवळा घट्ट भाग खाली सरकत येतो आणि त्याखाली पांढरे दूध राहते. दोहोंमधली रेघ दाण्याच्या निम्म्यावर आली की अख्ख्या झाडाचा कोरडा अंश ३० ते ३५ टक्क्यांत असतो. आज रेघ निम्म्याच्या किंचित वर होती, पण थांबून उपयोग नाही, रानडुकरे कणसांवर आली.

खात्रीला कुटी मुठीत अर्धा मिनिट घट्ट दाबायची. हात उघडल्यावर गोळा तसाच आणि बोटांतून रस : २५ टक्क्यांखाली, थांबा. गोळा राहतो पण रस नाही : २५ ते ३०. गोळा सावकाश सुटतो : योग्य. लगेच विस्कटतो : उशीर झाला, आता दाबूनही हवा निघणार नाही आणि बुरशी येईल. शिवाय कडक झालेले दाणे न फुटता अख्खेच शेणात दिसू लागतात.

कुटी १ ते २ सेंटीमीटर. वीतभर जाडीचा थर, तुडवणे, पुढचा थर. घनमीटरला ६०० ते ७०० किलो बसले तर दाब नीट झाला असे धरायचे. भरणे एका दिवसात उरकायचे. अर्धवट पिशवी रात्रभर उघडी ठेवली की सकाळी कुटी गरम लागते, म्हणजे तेवढी साखर हवेत गेली. तोंड बांधून वर वजन. ४५ दिवस उघडायचे नाही. उंदराने पाडलेले छिद्र रोज बघून चिकटपट्टीने बुजवायचे; छिद्राभोवती हातभर काळा-पांढरा गोळा होतो आणि तो फेकावाच लागतो.

नेपियर मुरवताना अडचण उलट आहे : ४५ दिवसांच्या पावसाळी चाऱ्यात पाणी फार, साखर कमी. तसाच भरला तर तळाला रस साचतो, आम्ल पुरेसे होत नाही आणि ब्युटिरिक आम्लाचा कुजकट वास येतो. पडवीत एक दिवस कोमेजवून, टनाला २० किलो गूळ पाण्यात कालवून थराथरावर शिंपडायचा. चांगल्या मुरघासाचा सामू ४ च्या जवळ, वास आंबूस, रंग हिरवट पिवळा.

१२ फेब्रुवारी : पुढच्या हंगामाचा हिशेब

दोन गाईंना दिवसाला ५० किलो नेपियर. पावसाळ्यात १.९ किलोचा ठोंब, म्हणजे रोज २६ ठोंब. ४५ दिवसांचे चक्र. ११७० ठोंब, साडेसहा गुंठे. हिवाळ्यात वाढ मंद, ४५ चे चक्र ६० दिवसांवर न्यावे लागते. थंडीतली वाढ सावकाश असल्याने ६० दिवसांनाही दांडा पावसाळ्याइतका लाकडी होत नाही. ठोंब १.२ किलोचा धरला तर रोज ४२, एकूण २५२०, म्हणजे चौदा गुंठे.

लावण चौदा गुंठ्यांचीच करावी लागणार. मग पावसाळ्यात निम्म्याहून जास्त चारा शिल्लक पडतो आणि तोच उभा राहून ७०-८० दिवसांचा होतो. आधी तो संपवू, मग कोवळा कापू, अशा क्रमाने गेले तर गाय सगळा पावसाळा लाकूडच खाते, कारण तोवर पुढचाही जुना झालेला असतो. म्हणून ओळींना खुंटावर रंग लावून कापणीच्या तारखा ठरवायच्या. ४५ व्या दिवशी ज्या ओळी गाईंना नको आहेत त्यांतून मुरघासाला होतील तेवढ्या काढायच्या आणि बाकीच्या कापून आंब्याच्या, नारळाच्या आळ्यात आच्छादन म्हणून टाकायच्या.